आठवड्याचा बाजार आणि बायकांची मिळकत

आपल्या मंडळास या वर्षी पंचवीस वर्षे पूर्ण होत आहेत. स्मरणिकेसाठी चिटणीस बाईंनी माझ्याकडे लोणच्याची कृती मागितली होती. लोणचे मी नेहमीच देते, या खेपेस थोडा इतिहास देते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा विद्वत्तेचे लिखाण माझ्या हातून होणार नाही. परंतु गेल्या पावसाळ्यात आपल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात बसून जे वाचले आणि लहानपणी आजीच्या तोंडून जे ऐकले, ते एकत्र बांधून भगिनींपुढे ठेवते. वाचनालय १८४० सालचे आहे. तेथे माझ्यासारखी बाई पदर खोचून जुनी गॅझेटियरे मागते याचे पहिल्या दिवशी तेथील मंडळींना नवल वाटले, पुढे तेच पुस्तके काढून ठेवू लागले.

विषय आपल्या सर्वांच्या पिशवीतला आहे. आपल्या सभागृहाच्या आवारात दर रविवारी सकाळी आसपासच्या खेड्यांतून बायका विनाखताची, विनाफवारणीची भाजी घेऊन बसतात. हा बाजार आला कोठून, आणि तो यापुढे कसा चालवावा याबद्दल सध्या आपल्यात जे दोन तट पडले आहेत त्यांचा मागचा धागा कोठे जातो, हे मला सांगावयाचे आहे.

आठवड्याचा बाजार ही नवी टूम नव्हे. पूर्वी एका गावाला रोज दुकान मांडून बसणारा व्यापारी परवडत नसे, आणि गावातल्या माणसाच्या हातीही रोज रोख पैसा नसे. म्हणून चार-पाच कोसांच्या टापूतील गावांनी सात वार आपसांत वाटून घेतले. आज या गावी, उद्या त्या गावी. बांगड्यांचा कासार, मिठाचा बैल, घोंगड्यांचा सनगर, मातीची मडकी घेऊन येणारा कुंभार, सगळे आठवडाभर याच फेऱ्यात फिरत. ही वाटणी इतकी पक्की बसली की अजून मोडलेली नाही. आपल्या नाशिकचा बुधवार, घोटीचा शनिवार, सिन्नरचा रविवार, येवल्याचा मंगळवार. कोकणात सावंतवाडीचा मंगळवार तर कुडाळचा बुधवार, आणि गोव्यात म्हापशाचा शुक्रवार. खेड्यातली माणसे अजून तारीख सांगत नाहीत. पाहुणे कधी आले होते असे विचारले तर ‘बाजाराच्या दुसऱ्या दिवशी’ असे उत्तर मिळते.

पुण्याच्या पेठांची नावे आपण घेतो, पण ती वारांची का, याचा विचार करीत नाही. बुधवार पेठेचे आधीचे नाव मोहियाबाद, रविवारचे मलकापूर, शनिवारचे मुर्तजाबाद. पेशवाईत या पेठांना वारांची नावे मिळाली. त्या त्या वारी तेथे बाजार भरे म्हणून ही नावे पडली असे सांगतात.

पेठ वसविणे हे जुन्या काळी मोठे काम समजत. त्यासाठी शेटे आणि महाजन हे वतनदार असत. शेट्याने व्यापारी व उदमी आणून बसवावेत, वजनमापावर लक्ष ठेवावे, तंटे मिटवावेत. त्याबद्दल त्याला बाजारात बसणाऱ्या प्रत्येकाकडून थोडा थोडा माल मिळे. त्याला फसकी म्हणत. फसकी म्हणजे हाताने उचललेली मूठ. धान्यातून मूठभर, भाजीतून मूठभर. शिवाय बसण्याच्या जागेबद्दल बाजारबैठक नावाचा कर असे. मूठ कोणाची आणि केवढी, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. वाटेत उभा राहून मूठ उचलणारा माणूस प्रत्येक काळात असतो. त्याचे नाव तेवढे बदलते.

आता या बाजारात बसत कोण, ते पाहू. धान्य, गूळ, बैल यांचा व्यवहार पुरुषांचा. भाजी मात्र बाईची. माळी समाजातील बाई असो, कुणब्याची असो की डोंगरातली आदिवासी बाई असो, पालेभाजीची पाटी तिच्याच डोक्यावर. कारण सोपे आहे. ज्वारी-बाजरीचे रान नांगराचे, आणि नांगर पुरुषाचा. मोटेच्या पाण्याच्या पाटाकडेला, परसात, गोठ्यामागे जे दोन-चार वाफे असत ते खुरप्याचे, आणि खुरपे बाईचे. मेथी, कोथिंबीर, मुळा, अंबाडी, घेवडा हे तिच्या हातचे. तेराव्या शतकात अरणगावी होऊन गेलेले संत सावता माळी यांना आपल्या भाजीच्या मळ्यातच देव दिसला. पंढरपूर त्यांच्या गावापासून फार लांब नाही, तरी मळा सोडून ते वारीस गेले नाहीत अशी कथा आहे. मला वाटते, भाजीचा मळा एक दिवसही सोडून जाता येत नाही हे त्यात खरे आहे. पाणी एक दिवस चुकले की मेथी मान टाकते.

माझी आजी, म्हणजे आईची आई, अशीच पाटी घेऊन येत असे. गाव गोदावरीच्या काठचे, नाशिकपासून तीन कोसांवर. मंगळवारी दुपारी भाजी उपटायची, विहिरीवर धुवायची, केळीच्या सोपाने जुड्या बांधायच्या, ओल्या फडक्याखाली रात्रभर ठेवायच्या. पहाटे तीनला चार-पाच जणी मिळून निघायच्या. उजाडताना गंगेवर. (आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो, बाहेरून आलेल्या भगिनींनी हसू नये.) बुधवारचा बाजार तेव्हाही नदीकाठच्या पटांगणात भरे, आजही भरतो. पावसाळ्यात पूर आला की बाजार वर रस्त्यावर सरकतो. दुतोंड्या मारुतीच्या पायाला पाणी लागले, कमरेला लागले, छातीला लागले, यावरून पुराचा अंदाज बांधण्याची रीत आहे, आणि भाजीवाल्या बायकांची नजर सदैव त्या मारुतीवर. १९६९ चा पूर आजीने पाहिला. २०१६ आणि २०१९ चे ऑगस्टमधले पूर आपण सर्वांनी पाहिले.

आजीच्या पाटीत वर्षभर एकच भाजी कधी नसे. चैत्र-वैशाखात कैऱ्या, चिंच, शेवग्याच्या शेंगा. त्या दिवसांत पालेभाजी मागणाऱ्या शहरी बाईला ती सांगे, ‘बाई, आता उन्हाळ्याचं हाये ते घ्या. पाला पाऊस पडल्यावर.’ आषाढात पेठ-त्र्यंबकच्या डोंगरांतून आदिवासी बायका रानभाज्या आणीत, आणि अजून आणतात: शेवळे, फोडशी, कुरडू, टाकळा, भारंगी, पुढे श्रावणात कर्टुली. या कोणी पेरीत नाही, कोणी राखीत नाही. डोंगरात कोणती भाजी कोठे उगवते आणि कोणती आमसुलाशिवाय घशाला खाजते, हे ज्ञान त्या बायकांचे, आणि त्याचा त्यांना जुडीच्या पैशात मोबदला मिळतो. भाद्रपदात काकडी, दोडकी, भोपळे. मार्गशीर्ष-पौषात मेथी, मुळे, गाजरे, हरभऱ्याचा कोवळा पाला, पावटे, बोरे. संक्रांतीच्या आदल्या दिवशीची भोगीची भाजी आपण करतो, ती म्हणजे त्या आठवड्यात बाजारात जे जे येते त्याचे एकत्र कालवण होय. चातुर्मासात वांगे वर्ज्य आणि चंपाषष्ठीला ते पुन्हा ताटात येते. त्याला धर्माचे कारण काय ते शास्त्री सांगतील. मला इतके दिसते की आपली व्रते आणि भाजीवालीची पाटी एकाच पंचांगावर चालत होती.

वर्षातला आजीचा सर्वांत मोठा बाजार ऋषिपंचमीचा. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचे खायचे नाही. नांगरलेल्या रानातले काही चालत नाही, हाताने खणलेल्या जागेतलेच हवे. म्हणजे बरोबर आजीच्या परसातले! अळू, माठ, भेंडी, पडवळ, दोडका, मक्याची कणसे. शहरातल्या बायका घासाघीस न करता घेत. आजी म्हणे, वर्षाचे एकावन्न बाजार एका बाजूला आणि ऋषीचा बाजार एका बाजूला. बाईच्या हातच्या मशागतीला पूर्ण भाव मिळण्याचा असा एक तरी दिवस आपल्या पूर्वज बायकांनी नेमून ठेवला, याचे मला फार कौतुक वाटते.

त्या काळी भाजी तोलून क्वचितच मिळे. जुडी, वाटा, नाहीतर पसा. तोलली तर शेराने. पक्का शेर ऐंशी तोळ्यांचा, म्हणजे आजचे सुमारे ९३३ ग्रॅम, पण सगळीकडे तोच शेर चालत नसे. पुढे १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले आणि १९५८ पासून हळूहळू किलो आला. रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे जाऊन शंभर नये पैसे झाले, तेव्हा आजी कित्येक महिने मनात आण्यांचाच हिशेब करून तोंडाने पैसे सांगे. तिला अक्षरओळख नव्हती, पण तिचा हिशेब चुकल्याचे कोणी सांगत नाही.

आणि हा पैसा तिचा असे. येताना घरचे मीठ-मिरची, तेल ती त्यातूनच आणी, पण उरलेली नाणी तिच्या कनवटीला. आजोबांनी ती कधी मागितली नाहीत. गावचा तसा रिवाजच होता, मळ्याचे पुरुषाचे, परसाचे बाईचे. सगळ्याच घरी असे होते असे नाही, मारून पैसे काढून घेणारेही होते. परंतु आमच्या घरी तरी माझ्या आईची शाळेची पाटी-पुस्तके आणि मावशीचे पैंजण त्या मेथीतून झाले. आई सातवी झाली ती गावातील मुलींत पहिली.

मग हे सारे बदलले कसे? एका दिवसात नाही.

पहिला बदल शहरांत झाला. इंग्रजी अमलात उघड्यावरचा बाजार गलिच्छ ठरला आणि पक्क्या मंडया उभ्या राहिल्या. मुंबईत आर्थर क्रॉफर्ड या म्युनिसिपल कमिशनरच्या नावाची मंडई १८६९ मध्ये पुरी झाली. पुण्यात शनिवारवाड्यापुढे भरणारा भाजीबाजार उठवून १८८६ मध्ये रे मार्केट उघडण्यात आले. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद होते. मंडईच्या इमारतीवर एवढा खर्च करण्यास त्यांनी विरोध केला होता. गंमत अशी की आज दोन्ही मंडयांना त्यांचेच नाव आहे, पुण्याच्या मंडईला ते १९३८ मध्ये दिले गेले. इमारती देखण्या आहेत, पावसात माल भिजत नाही, स्वच्छता राहते, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु गाळा हा रोजचा असतो आणि आजीसारखी बाई आठवड्याची. एका बुधवारच्या पाटीसाठी महिन्याचे भाडे कोण भरणार? तेव्हा गाळा घेतला व्यापाऱ्याने, आणि पाटीवाली बाई मंडईच्या बाहेर पायरीवर बसली. आजही कोणत्याही मंडईत जाऊन पाहावे. आत गाळे, बाहेर पायरीवर बायका.

दुसरा बदल आडतीचा. माल थोडा असतो तेव्हा डोक्यावर जातो, गाडीभर झाला की आडत्याकडे जातो. पूर्वी आडत्यांकडे रुमालाखाली हात घालून, बोटे दाबून भाव ठरत. ज्याचा माल, त्या शेतकऱ्यालाच भाव कळत नसे. वर आडत, हमाली, तोलाई, कडता, धर्मादाय अशी कापाकापी. हे थांबविण्यासाठीच बाजाराचे कायदे झाले. वऱ्हाडात कापूस व धान्याच्या बाजारासाठी १८९७ चा कायदा, मुंबई इलाख्यात १९३९ चा, आणि महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६३ चा, ज्याचा अंमल १९६७ पासून सुरू झाला. आपल्या जिल्ह्यातील लासलगावची बाजार समिती १९४७ ची. उघडा लिलाव आणि खरे वजन हे या समित्यांनी दिले, आणि ज्यांनी रुमालाखालचे दिवस पाहिले त्यांना त्याची किंमत ठाऊक आहे. मात्र कायद्याने माल समितीच्या आवारात आणणे बांधील झाले, आणि कालांतराने त्या आवारातही मूठ उचलणारे बसले.

तिसरा बदल रानातच झाला. सिंद्रीचा खत कारखाना १९५१ मध्ये सुरू झाला. १९६४ मध्ये संकरित ज्वारीचे पहिले वाण आले, १९६६ मध्ये मेक्सिकोहून गव्हाचे बियाणे जहाजांनी आले. देशाला तेव्हा धान्याची टंचाई होती आणि परदेशच्या गव्हावर आपण जगत होतो. त्या पिढीने गोण्यांनी खत टाकले म्हणून तिला नावे ठेवणे मला पटत नाही. उपाशी माणसाला उपदेश करता येत नाही. परंतु धान्यासाठी आलेले खत आणि औषध हळूच परसातही शिरले. आजीचा उकिरडा, लेंडीखत, राख, तंबाखूचे पाणी हे सारे मागासलेले ठरले.

आमच्या आजोबांनी १९८० नंतर परसासकट सगळ्या रानात टोमॅटो लावला. पीक उत्तम आले. क्रेट भरून टेम्पोने आडत्याकडे जाऊ लागले आणि संध्याकाळी आजोबांच्या नावाची पट्टी येऊ लागली. घरात पैसा पूर्वीपेक्षा पुष्कळ आला. घराला स्लॅब पडला. आणि आजीचा बुधवार बंद झाला. माझ्या लहानपणी मी आजोळी जाई तेव्हाचे मला पक्के आठवते. आजीला बांगड्या भरायच्या होत्या, तिने आजोबांकडे पैसे मागितले. त्यांनी ते लगेच दिले. फक्त ‘कशाला हवेत?’ एवढे विचारले. आजी आत गेली आणि बांगड्या काही तिने भरल्या नाहीत. आजोबा स्वभावाने कडक नव्हते, आणि आडत्यानेही तिला फसविले नव्हते. पण तीस-पस्तीस वर्षांत तिला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

सेंद्रिय शेती हा शब्द आता सर्वांच्या तोंडी आहे. पुष्कळांना तो परदेशातून आल्यासारखा वाटतो. थोडे मागे गेले तर तो आपल्याकडूनच तिकडे गेला आहे. अल्बर्ट हॉवर्ड नावाचे इंग्रज शास्त्रज्ञ १९०५ मध्ये बिहारातील पुसा येथे आले, आणि १९२४ ते १९३१ इंदूरला होते. शेण, पालापाचोळा, माती, राख यांचे थर देऊन खत करण्याची ‘इंदूर पद्धत’ त्यांनी बसविली आणि १९४० च्या आपल्या ग्रंथात जगापुढे मांडली. शेतकरी आणि कीड यांनाच आपण गुरू केले असे ते म्हणत. त्यांच्या कामात त्यांची पत्नी गॅब्रिएल बरोबरीने होती. ती स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ, १९३० मध्ये वारली. हॉवर्डसाहेबांचे नाव पुष्कळांनी ऐकलेले असते, गॅब्रिएलबाईंचे नाही, म्हणून मुद्दाम लिहिले.

आपल्या शेजारच्या अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० चा पद्मश्री किताब मिळाला तो गावठी बियाणे जपल्याबद्दल. त्या शाळेत गेलेल्या नाहीत. घेवडा, वाल, भात यांचे किती वाण त्यांनी राखले! आजीच्या काळी प्रत्येक घरी उतरंडीतल्या मडक्यात राखेत बी असे. ते मडके गेले तेव्हा कोणाच्या लक्षातही आले नाही.

शहरात पुन्हा शेतकऱ्यांचे बाजार भरू लागले ते गेल्या पंधरा-वीस वर्षांत. मुंबईत वांद्रे येथे २०१० मध्ये कविता मुखी यांनी सेंद्रिय मालाचा शेतकरी बाजार सुरू केला. २०१६ च्या जुलैत महाराष्ट्र सरकारने फळे व भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा केला आणि त्याच वर्षी सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजारांची मोहीम काढली. मग मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. सगळे बाजार बंद. तेव्हा शेतकरी टेम्पो घेऊन थेट वसाहतींच्या फाटकाशी आले, हे आपण सर्वांनी अनुभवले. आपला रविवारचा बाजार त्याच ओळखीतून पुढे उभा राहिला.

आता आपल्या चर्चेकडे येते. काही भगिनींचे म्हणणे असे की, भाजी महाग पडते, हवी ती मिळत नाही, उन्हाळ्यात निम्म्या पाट्या रिकाम्या असतात. तेव्हा हा बाजार एका ठेकेदाराकडे द्यावा. तो बारा महिने सगळे पुरवील आणि मंडळाला दरमहा भाडेही देईल. भाड्याचा मोह मलाही समजतो, सभागृहाचे छप्पर गळते आहे. पण वर जो इतिहास सांगितला तो डोळ्यांपुढे आणावा. पहिल्याने गाळा येतो, मग गाळेवाला येतो, मग पाटीवाली पायरीवर जाते. येथे तर पायरीही नाही, सरळ रस्ता आहे. बारा महिने सगळे देणारा ठेकेदार वैशाखात मेथी आणील ती कोठून? मोठ्या बाजारातूनच. मग आपल्या दारच्या भाजीत आणि कोपऱ्यावरच्या दुकानातल्या भाजीत फरक राहिला कोणता?

महागाईबद्दल बोलावयाचे तर मी स्वतः हिशेब विचारला. तणनाशक मारीत नाहीत म्हणजे खुरपणी मजुरीने होते. कीड लागली तर चौथा हिस्सा टाकून द्यावा लागतो. रासायनिक रान सेंद्रियात आणायचे तर नियमाने दोन ते तीन वर्षे जातात, त्या काळात उत्पन्न कमी आणि भाव मात्र साधा. आडत वाचते हे खरे, पण टेम्पोचे भाडे लागते. एवढे करूनही मोसमातली भाजी आपल्याकडे महाग नसते. पौषात मेथी आणि श्रावणात दोडकी यांचे भाव मी वहीत लिहून ठेवले आहेत, कोणीही येऊन पाहावेत. महाग पडते ते बिनमोसमाचे. दुकानात लिहिलेली किंमत आपण मुकाट्याने देतो आणि पाटीवालीशी दोन रुपयांसाठी पाच मिनिटे घालवतो, हेही एकदा आपल्यात बोलून घ्यावे.

ती भाजी खरोखर विनाखताची कशावरून, हा प्रश्न मात्र रास्त आहे. सगळे विकणारे सत्यवचनी असतात असे समजण्याइतकी मी भोळी नाही. निर्यातीच्या मालासाठी २००१ पासून सरकारी प्रमाणपत्राची पद्धत आहे, परंतु तिचा खर्च छोट्या शेतकऱ्याला झेपत नाही. म्हणून २०११ मध्ये कृषी खात्याने दुसरी पद्धत काढली. तीत निदान पाच शेतकऱ्यांचा गट असतो, ते एकमेकांची शेते तपासतात आणि एकाने लबाडी केली तर सगळ्यांना भोगावे लागते. २०१७ च्या अन्नसुरक्षेच्या नियमांत बारा लाखांपर्यंत वार्षिक उलाढाल असलेल्या आणि थेट ग्राहकाला विकणाऱ्या लहान उत्पादकाला सेंद्रिय प्रमाणपत्राची सक्ती नाही. तेथे ओळख आणि भेट हेच साधन. मागच्या माघात आपण अकरा जणी दोन शेतांवर जाऊन आलो. खताचा खड्डा पाहिला, मातीत गांडुळे पाहिली. एका शेताच्या बांधापलीकडे द्राक्षांची फवारणी चालली होती आणि वारा इकडे येत होता, तेही पाहिले. त्या मावशींनी ते लपविले नाही. त्या बाजूच्या दोन ओळींची भाजी आम्ही येथे आणीत नाही असे सांगितले, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसला. असे वर्षातून दोनदा तरी व्हावे.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. २०१४ मध्ये फेरीवाल्यांचा केंद्रीय कायदा झाला. त्यात शहराच्या विक्रेता समितीत चाळीस टक्के जागा विक्रेत्यांच्या आणि त्यांत तिसरा हिस्सा बायकांचा ठेवला आहे. ज्या नैसर्गिक बाजारात पन्नास वर्षांहून अधिक काळ विक्रेते बसत आले आहेत, तो वारसा बाजार मानून तेथील विक्रेत्यांना हलवू नये, अशीही तरतूद आहे. गंगेवरच्या बुधवारी बसणाऱ्या किती जणींना हे ठाऊक असेल? मी दोघींना सांगितले. एक म्हणाली, ‘ताई, कागदावर हाये ते खरं, पण पुढच्या बुधवारी गाडी आली तर तुम्ही येता का?’ मी हो म्हटले आहे.

आपल्या आवारात सध्या नऊ जणी बसतात. हल्ली सुटे पैसे कोणी देत नाही. पाटीच्या कडेला चौकोनी ठिपक्यांचा कागद चिकटविलेला असतो, त्यावर मोबाईल धरला की पैसे जातात. कोठे जातात, हे मी गेल्या महिन्यात एकेकीला विचारले. सहा जणींचा कागद मुलाच्या नाहीतर मालकाच्या खात्याचा निघाला. मोबाईल त्यांच्याकडे, म्हणून खाते त्यांचे. दोघी म्हणाल्या की आठवड्याची रक्कम किती झाली हे त्यांना घरी विचारावे लागते. आपल्या मंडळातील बँकेत नोकरी केलेल्या दोन भगिनींना मी गाठले आहे. पुढच्या दोन रविवारी त्या सकाळी नऊला कागदपत्रांचे अर्ज घेऊन व्हरांड्यात बसणार आहेत. आधार कार्ड आणि दोन फोटो घेऊन या, असा निरोप सगळ्यांना पोचला आहे. फोटो काढण्याचा खर्च मंडळाने करावा असा माझा अर्ज चिटणीस बाईंकडे दिलेला आहे.